गिरणीसंपाची गावाकडची बाजू

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापडगिरण्यांत संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पगारवाढ व बोनस या मागण्या होत्याच. परंतु १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने राष्ट्रीय मिल मजदूर संघालाच मिळालेले प्रतिनिधित्व रद्द व्हावे, हीही मागणी होती. आपल्या वतीने बोलणार कोण, हे कामगारांनी ठरवावे की कायद्याने, असा तो वाद होता. एवढा इतिहास पुस्तकांत सापडतो.

आमच्या मुळशी तालुक्याचे गिरण्यांशी नाते त्याहून जुने. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. धरण मात्र झालेच. गावे पाण्याखाली गेली आणि त्या पाण्यावर भिऱ्याला निर्माण झालेली वीज मुंबईला गेली. तिच्यामागोमाग पोटासाठी माणसेही गेली. माझे आजोबा त्यांतलेच एक.

मारुंजीच्या आमच्या घरी मी संपाविषयी विचारले, तेव्हा तारीख आजीला सांगता आली नाही. ती म्हणाली, "मळणी उरकली व्हती, आन् तुझा आजा वळकटी घिऊन दारात." तोवर दरमहा मनीऑर्डर येई. त्या वर्षी उलट झाले. चुलत आजोबा संपासाठी मुंबईतच थांबले होते. त्यांना घरातून पायलीपायलीने तांदूळ गेला. आषाढात आजी दुसऱ्याच्या खाचरात रोजाने लावणीला गेली. संप किती दिवस चालला, असे विचारताच ती म्हणाली, "मिटला कवा?" आणि तेच खरे आहे. हा संप रीतसर कधीच मागे घेतला गेला नाही.

यावरून अभ्यासकाने काय घ्यावे? आठवण तारखेला कच्ची असते, पण संपाची किंमत कोणी मोजली, याचा हिशेब तीच ठेवते. कागदात संपकऱ्यांची संख्या मिळते. लावणीला गेलेल्या बायकांची मिळत नाही.

कागदाचे मोल मात्र कमी नाही. गिरणी कामगारांच्या घरांच्या योजनेत १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा लागतो. आजोबांना तिकीट नंबर अखेरपर्यंत तोंडपाठ होता. कार्ड मात्र पावसात कुजून गेले होते.

विद्यार्थीमित्रांनो, आपल्या घरातील अशी माणसे हयात आहेत तोवर त्यांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. तारखा नंतर पडताळता येतील.