सेन्सरमधलं आम्हाला काय कळतं?

प्रश्न : महापालिका दरवर्षी नागरिकांकडून कामं सुचवणारे अर्ज मागवते. स्मार्ट सिटीच्या वेळीही आमच्या सोसायटीत असेच अर्ज भरून घेतले होते. पाण्याचे मीटर, सिग्नलची यंत्रणा, हवा मोजणारे सेन्सर, कचऱ्याच्या गाड्यांचं नियोजन ही तर इंजिनिअर मंडळींची कामं. माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिकेला त्यातलं काय कळणार? आम्हाला विचारण्यात खरोखर काही अर्थ असतो, की तो नुसता उपचार?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : दोन्ही असतं. तुम्हाला कोणत्या टप्प्यावर विचारलं, त्यावर ते ठरतं. कापड बेतून झाल्यावर गिऱ्हाइकाला माप द्यायला बोलावलं, तर तो उपचार. आपल्याकडचं बहुतेक विचारणं या जातीचं असतं, म्हणून तुमची शंका रास्त आहे. पण वेळेवर विचारलं तर काय होतं, ते ब्रिस्टलच्या बेडकांवरून कळेल.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात नोल वेस्ट मीडिया सेंटर नावाची संस्था आहे. २०१६ च्या सुमारास तिने महापालिका आणि बार्सिलोनातल्या एका गटाला सोबत घेऊन एक प्रयोग केला. सेन्सर घ्यायचे आणि शहरभर लावत सुटायचं, हा नेहमीचा क्रम त्यांनी उलटा केला. आधी लोकांना विचारलं, की रोजच्या जगण्यात तुम्हाला काय छळतं? लोकांनी पुढे आणली घरातली ओल. भिंतींवर धरणारी बुरशी, सतत खोकणारी मुलं, कुबट वास मारणारे कपडे. पावसाळ्यात कोकणात राहिलेल्या कुणाला हे समजावून सांगावं लागणार नाही. पण ब्रिस्टलमधली बरीच माणसं भाड्याच्या घरात राहणारी, आणि ओलीचं भांडण तिथे भाडेकरू विरुद्ध घरमालक असं असतं. मालक म्हणतो, तुम्ही खिडक्या उघडत नाही, कपडे घरातच वाळत घालता. भाडेकरू म्हणतो, तुमची भिंतच गळते. कुणाचं खरं, हे सांगायला पुरावा नाही.

मग रहिवासी, कलाकार आणि तंत्रज्ञ यांनी मिळून तापमान आणि आर्द्रता मोजणारं एक छोटं यंत्र बनवलं आणि ते बेडकाच्या आकाराच्या डब्यात बसवलं. ओलीत राहणारा प्राणी म्हणून बेडूक. कल्पना गमतीची आहे, पण पोरकट नाही. घरात लावलेल्या यंत्राकडे माणसं संशयाने पाहतात. बेडूक टेबलावर बसला तर मुलंसुद्धा त्याची चौकशी करतात. तापमान आणि आर्द्रता एकत्र मोजण्यालाही कारण आहे. स्वयंपाक किंवा आंघोळ झाली की आर्द्रता चढते आणि थोड्या वेळाने उतरते. तेव्हाच भिंत गार असेल तर हवेतली वाफ तिच्यावर धरते. हा दोष बऱ्याच अंशी हवा खेळती नसण्याचा आणि भिंत थंड असण्याचा. उलट घरात कुणी नसतानाही आकडा वरच राहत असेल, तर पाणी कुठून तरी झिरपत असण्याची शक्यता जास्त. म्हणजे रोजचा आलेख समोर ठेवला की भांडण निदान मुद्द्यावर तरी येतं.

आता तुमच्या शंकेकडे वळू. या बेडकातला सर्किट बोर्ड रहिवाशांना कळत होता का? बहुतेकांना नसावा. पण काय मोजायचं, कुठल्या खोलीत मोजायचं आणि आलेला आकडा कुणाला दाखवायचा, हे त्यांनाच माहीत होतं. इंजिनिअरला हे पुस्तकातून मिळत नाही. नागरिकाचं ज्ञान ते हेच, आणि शहराच्या सेवा बिघडतात त्या बहुधा ते कुणी विचारलेलं नसतं म्हणून.

बार्सिलोनाचंच बघा. तिथल्या ग्रासिया भागात प्लासा देल सोल नावाचा चौक आहे. रात्री उशिरापर्यंत तरुण मंडळी तिथे पायऱ्यांवर बसून गप्पा मारतात, पितात, गातात. भोवतीच्या घरांत झोप नाही. तक्रारी वर्षानुवर्षं चालल्या होत्या. २०१७ मध्ये युरोपीय मदतीच्या एका प्रकल्पातून रहिवाशांनी आपल्या बाल्कन्यांत आवाज मोजणारे सेन्सर लावले. सेन्सर तिथल्याच फॅब लॅब या प्रयोगशाळेच्या मंडळींनी विकसित केलेले. मग तेच आकडे घेऊन रहिवासी चौकात सभा भरवून बसले. त्यानंतर कचऱ्याच्या गाड्यांची वेळ बदलली, रात्री अकरानंतर पोलीस गर्दी हलवू लागले आणि बसायच्या पायऱ्यांवर झाडांच्या कुंड्या आल्या. गणपतीच्या दहा दिवसांत डेसिबलचे आकडे आपल्याकडेही छापून येतात, पण ते मोजणारे वेगळे आणि रात्रभर जागणारे वेगळे. अर्थात चौकात बसणाऱ्या मुलांना कुणी किती विचारलं, हा प्रश्न मला पडतोच. सहभाग म्हटला की तक्रार करणाराच नागरिक समजला जातो.

उलट उदाहरण टोरांटोचं. ऑक्टोबर २०१७ मध्ये गुगलच्या भावंड-कंपनीने, साइडवॉक लॅब्सने, तिथल्या तळ्याकाठची बारा एकर जागा भविष्यातलं शहर म्हणून घडवायचं जाहीर केलं. नागरिकांच्या बैठका घेतल्या, चर्चा ठेवल्या, २०१९ च्या जूनमध्ये दीड हजारांहून अधिक पानांचा आराखडा मांडला. पण जागोजागी सेन्सर असणार, हे आधीच ठरलं होतं. त्यांनी टिपलेली माहिती कुणाच्या मालकीची, या प्रश्नावर समाधानकारक उत्तर मिळेना. प्रकल्पाच्या सल्लागार असलेल्या गोपनीयतेच्या तज्ज्ञ अ‍ॅन कव्हूकियन यांनी २०१८ मध्येच राजीनामा दिला होता. मे २०२० मध्ये कंपनीने आर्थिक अनिश्चिततेचं कारण देऊन गाशा गुंडाळला. कारण खरं असेलही. पण दीड हजार पानं वाचून हरकत नोंदवा, असं सामान्य माणसाला सांगणं हीच मुळात सहभागाची थट्टा आहे.

अमेरिकेतल्या शेरी अर्नस्टीन या बाईंनी १९६९ मध्येच लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. तळाला लोकांना नुसतं वळवणं, वरच्या टोकाला लोकांच्या हाती निर्णय. मत विचारणं ही तिच्यात चौथी पायरी, आणि बाईंनी तिची गणना देखाव्यातच केली आहे. वर्तमानपत्रात बारीक टायपात येणारी ‘हरकती व सूचना’ची जाहिरात त्याच पायरीवरची.

पुण्यापुरतं बोलायचं तर चित्र मिश्र आहे. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने स्मार्ट सिटीची पहिली २० शहरांची यादी काढली, तीत भुवनेश्वरनंतर दुसरा क्रमांक पुण्याचा. जूनमध्ये योजनेतल्या कामांचं उद्घाटन पंतप्रधानांनी बालेवाडीत केलं. प्रस्ताव तयार करताना नागरिकांना मोठ्या प्रमाणावर विचारलं गेलं होतं, आणि योजनेच्या स्पर्धेत त्यालाही गुण होते. अडचण पुढे आली. कामं राबवायला वेगळी कंपनी काढायची, तिच्यात राज्य आणि महापालिका यांचे समान भाग, अशी योजनेची रचनाच होती. अर्ज भरणारा नागरिक मतदार म्हणून नगरसेवकाला धारेवर धरू शकतो. कंपनीच्या संचालक मंडळापुढे त्याला उभं राहता येत नाही. त्यात मार्च २०२२ नंतर तीन वर्षांहून अधिक काळ पुण्यात निवडून आलेला नगरसेवकही नव्हता. देशभरातली ही मोहीम ३१ मार्च २०२५ ला संपली.

तुमच्या हाती येतो तो अर्ज मात्र यापेक्षा जुन्या आणि माझ्या मते अधिक कामाच्या व्यवस्थेतला आहे. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून अंदाजपत्रकात नागरिकांच्या सहभागाची पद्धत सुरू केली. ही कल्पना ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरातून जगभर पसरली. तिथे १९८९ पासून वस्त्यांच्या सभांतून कामांचा क्रम लागू लागला आणि मलनिस्सारण, पाणी अशा कामांकडे पैसा वळला. पुण्यात नागरिक पाच लाखांपर्यंतची कामं क्षेत्रीय कार्यालयाकडे सुचवू शकतात आणि प्रभाग समिती त्यांतली निवडते. त्यामुळे अर्जांत येतात ते बाक, पदपथ, पथदिवे, बस थांब्याची शेड. एकूण अंदाजपत्रकाच्या मानाने ही रक्कम चिमूटभर आहे. तरी मी तिची टिंगल करणार नाही. बसथांब्यावर शेड नसेल तर बरीच माणसं रिक्षा किंवा दुचाकी घेतात, आणि मग पर्यावरणपूरक वाहतुकीचे मोठमोठे आराखडे कागदावरच राहतात.

पण सेवा आखण्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण शोधायला पुणेकराला परदेशी जायला नको. आपल्याकडे ते कचऱ्यात सापडतं. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ ची. तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. सदस्य बहुसंख्येने बायका. कचऱ्याचा ठेका मोठ्या कंपनीला देऊन यंत्रं आणणं सोपं होतं, आणि अनेक शहरांनी तेच केलं. इथे ज्यांना कुठल्या गल्लीतून काय निघतं ते वर्षानुवर्षं ठाऊक होतं, त्यांनाच सेवेचा कणा बनवलं. घरटी महिन्याचं शुल्क थेट त्यांना मिळतं.

त्या बायकांनी पुढे आणलेला एक प्रश्न कुठल्याच आराखड्यात नव्हता. सुका कचरा वेगळा करताना वापरलेले पॅड आणि डायपर उघड्या हातांनी उचलावे लागत. २०१३ मध्ये त्यांनी असा कचरा पिशव्यांत भरून थेट ते पॅड बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवला. गुंडाळायला पिशवी देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारी तरतूद २०१६ च्या घनकचरा नियमांत आली. तिची अंमलबजावणी रेंगाळली, तेव्हा २०१७ मध्ये ‘स्वच्छ’ने लाल ठिपक्याची मोहीम काढली : जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर ठळक लाल ठिपका काढा. सर्व्हर नाही, अ‍ॅप नाही, खर्च जवळपास शून्य. तरी एखाद्या सेवेतला सगळ्यात त्रासदायक टप्पा त्याने बदलला, आणि तो सुचला तो टप्पा रोज हाताने पार करणाऱ्यांना.

यावरून तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भागही निघतो : बैठकीला येतं कोण? कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवलेल्या सभेला तुम्ही-मी जाऊ शकतो. घरकाम करणाऱ्या बाईला, वॉचमनला, पीएमपीच्या पहिल्या बसने कामावर जाणाऱ्याला ते जमत नाही. मोबाइलवरच्या अर्जाने ही अडचण सुटते असं वाटतं, पण तो मराठीत असला तरी त्यातले पर्याय कुणी आधीच ठरवलेले असतात. ‘आपल्या भागात कोणत्या ठिकाणी ई-वाहन चार्जिंग हवं?’ असं विचारलं, की चार्जिंग हवंच आहे हे गृहीत धरलं गेलं.

तेव्हा अर्ज जरूर भरा, पण उपाय लिहिण्याआधी अडचण लिहा. ‘गतिरोधक बसवा’ यापेक्षा ‘सकाळी सात ते साडेसात शाळेच्या फाटकासमोर मुलांना रस्ता ओलांडता येत नाही’ हे लिहिलंत, तर इंजिनिअरला विचार करायला जागा राहते. कदाचित त्याला गतिरोधकाहून बरं काही सुचेल. शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे नेमकं लिहिणं तुम्हाला जमतंच. आणि मुख्य म्हणजे अर्जाचं पुढे काय झालं ते क्षेत्रीय कार्यालयात जाऊन विचारा. काम नाकारलं असेल तर कारण लेखी मागा. ते मिळालं नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.