उत्साह का आटतो? चिंता, मेंदू आणि विरिय



जपानात एप्रिलमध्ये नवे वर्ष सुरू होते. नवी नोकरी, बदली, नवी टीम. गोल्डन वीकची सुट्टी संपली की अनेकांचे पाय ऑफिसकडे वळत नाहीत. जपानी लोक याला 'गोगात्सु-ब्यो', म्हणजे मे महिन्याचा आजार म्हणतात. हे वैद्यकीय निदान नव्हे, पण निदान त्याला आजार तरी म्हणतात. आपल्या घरांत त्याला एकच शब्द आहे: आळस.

सध्या क्योतो विद्यापीठात असलेले केन-इची आमेमोरी आणि एमआयटीच्या ॲन ग्रेबिएल यांनी माकडांवर केलेला एक प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. माकडापुढे दर वेळी एक सौदा ठेवला जाई: एवढे खाणे मिळेल, पण चेहऱ्यावर हवेचा एवढा झोतही बसेल. घ्यायचे की सोडायचे? मेंदूच्या पुढील भागातील सिंग्युलेट कॉर्टेक्समध्ये एका ठरावीक जागी सूक्ष्म विद्युतप्रवाह दिला की माकड सौदा जास्त वेळा नाकारू लागे. डायझेपाम हे चिंताशामक औषध दिल्यावर हा परिणाम दिसेनासा झाला. २०१८ मध्ये याच संशोधकांनी मेंदूतील कॉडेट या खोल भागावर प्रयोग केला. तेव्हा तर प्रवाह थांबल्यानंतरही माकडे नकारच देत राहिली.

इथे थोडे थांबून विचार करा. खाणे तेवढेच होते, झोतही तेवढाच. बदलला तो आतला हिशेब. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत इनपुट तेच, पण त्रासाचे वजन वाढले. माणसाचे नैराश्य माकडाच्या सौद्याएवढे सोपे नाही, हे उघड आहे. तरीही चिंता आणि निरुत्साह यांचा धागा एकच असू शकतो, एवढे यातून नक्की दिसते.

पाच नीवरणांत आपण थीनमिद्ध आणि उद्धच्च-कुक्कुच्च वेगवेगळी मोजतो. एक सुस्ती, दुसरी अस्वस्थता. प्रत्यक्षात अंथरुणातून न उठणाऱ्या माणसाचे मन रात्रभर धावत असते. सोण भिक्खूची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. चंक्रमण करून त्याचे पाय रक्ताळले, तरी फळ दिसेना, म्हणून तो घरी परतण्याचा विचार करू लागला. भगवंतांनी त्याला 'आणखी जोर लाव' असे सांगितले नाही. वीणेची तार फार ताणली किंवा फार सैल सोडली तर सूर लागतो का, असे विचारले. विरिय म्हणजे जोर नव्हे, जुळणी.

जपानी मनोचिकित्सक शोमा मोरिता (१८७४–१९३८) यांच्या उपचारातही आधी पूर्ण विश्रांती, मग हलकी कामे असा क्रम होता. चिंता जाण्याची वाट पाहायची नाही. ती आहे तशी असू द्यायची आणि हातातले छोटे काम करायचे. याला ते 'आरुगामामा' म्हणत.

मात्र उदासी दोन आठवडे हटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर आनापानावर भागवू नका. 'शिनर्यो-नाइका' अशी पाटी असलेल्या दवाखान्यात जा. जगणे नकोसे वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नका, आजच कोणाला तरी सांगा. डिसेंबर २०१५ पासून पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कार्यस्थळी दरवर्षी स्ट्रेस चेक बंधनकारक आहे. तुमचा निकाल तुमच्या संमतीशिवाय कंपनीला दिला जात नाही. आपली मंडळी व्हिसाच्या धास्तीने सगळीकडे 'उत्तम' अशी खूण करतात. या वेळी तो फॉर्म खरा भरा.