निघतेस ना समुद्राकडं, मग निवांत नीघ

अगं, किती विचार करशील? गाडी सर्व्हिसिंगला दिलीस, रजा टाकलीस आणि आता म्हणतेस रात्री झोप येईना. पोरगी हिंगोलीहून कोकणात जाणार, तेही मोटरसायकलवर, हे घरात अजून कुणाच्या पचनी पडलेलं नाही, ते कळतंय मला. पण खरं सांगू का? जी रोज कळमनुरी-हिंगोली ये-जा करते, उसाच्या ट्रॉल्या आणि एसटीच्या गर्दीतून गाडी काढते, तिला रस्ता नवा नाही. नवा आहे तो लांबचा पल्ला. तो जमवायचा तर रोजचं अंतर कमी ठेवायचं. बाकी सगळं त्याच्यामागून येतं बघ.

आधी जाण्याचं बघू. औंढ्यावरून परभणी गाठलीस की 61 नंबरचा राष्ट्रीय महामार्ग मिळतो. आपल्या वसमतवरून येणारा हाच रस्ता मानवत, पाथरी, माजलगाव, पाथर्डी करत अहिल्यानगरला जातो. पहिला मुक्काम तिथंच कर. कुणी म्हणालं, एका दमात पुणं गाठू, तर ऐकायचं नाही. दिवसभर गाडी चालवून अंधारात पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये शिरायची काय गरज? दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुण्यात पोच. तिथं आपल्याकडचं कुणी ना कुणी असतंच, त्यांच्याकडं जेव आणि झोप काढ. तिसऱ्या दिवशी सकाळी मुळशीवरून ताम्हिणी घाट उतर. उतारावर गाडी न्यूट्रल करू नकोस आणि नुसत्या ब्रेकच्या भरवशावरही सोडू नकोस. खालच्या गिअरमध्ये ठेव, इंजिनच गाडी धरून ठेवतं. माणगाव, म्हसळा झालं की श्रीवर्धन आलंच.

तिथून पुढं तू किनाऱ्याच्या रस्त्याला लागशील. रेवस ते रेडी हा सगळा सागरी मार्ग 500 किलोमीटरच्या आसपास आहे. आपल्या सपाट रस्त्यांच्या हिशेबानं तुला ते दोन दिवसांचं काम वाटेल. तसं ते नाही गं. खाडीला वळसा घालायचा, चढ चढून जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे पठारावर जायचं, की पुन्हा उतार आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणारा अरुंद रस्ता. समोरून एसटी आली की थांबावंच लागतं. म्हणून दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर पुष्कळ झाले. हरिहरेश्वर, केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली, गुहागर, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी, मग खाली विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. यातली चार ठिकाणं सुटली तरी चालतील. हर्णैच्या बंदरात संध्याकाळी मासळीचा लिलाव बघत उभी राहिलीस, तर त्या दिवशी आणखी एक देऊळ आणि एक किल्ला उरकायच्या मागं लागू नकोस.

फेरीबोटीची भीती वाटते म्हणालीस, ते नीट सांगते. बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड, अशा खाड्या बोटीनं ओलांडता येतात, गाडीसकट. दाभोळ-धोपाव्याची बोट 2003 पासून चालू आहे आणि तिच्यामुळं चिपळूणकडचा मोठा वळसा वाचतो. बोटीची लोखंडी फळी किनाऱ्यावर टेकते आणि ती बहुतेक ओलीच असते. आधी मोठ्या गाड्या चढू दे. मग पहिला गिअर, हँडल सरळ, एकसारखी रेस. फळीवर पुढचा ब्रेक करकचून दाबायचा नाही, मागच्या ब्रेकवर सांभाळायचं. आत गेलीस की गाडी गिअरमध्ये ठेवून साइड स्टँडवर लाव आणि तिच्याजवळच उभी राहा, कारण सामान लादलेली गाडी बोट हलली की कलू शकते. शेवटची फेरी किती वाजता आहे, ते आदल्या रात्री जिथं उतरशील तिथंच विचारून ठेव.

आणि एक ताकीद. फोटोसाठी गाडी वाळूत घालायची नाही. चाक रुततं, खारं पाणी चेनला आणि ब्रेकला लागलं की गंज धरतो. किनारी फिरून झालं की दर एक-दोन दिवसांनी गाडी गोड्या पाण्यानं धू, चेन पुसून तेल दे. निघण्याआधी टायर, ब्रेकचे लायनर, क्लच वायर मेकॅनिकसमोर उभं राहून बघून घे. एक जादा क्लच वायर आणि पंक्चरचं सामान सोबत असू दे. टाकी अर्धी झाली की भरायची, पुढचा पंप कुठं असेल त्याचा नेम नाही. लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी मोबाइलमध्येही ठेव. हेल्मेट तोंड झाकणारं, आयएसआयचं.

आता आपल्या आपल्यातलं. पाळीची तारीख मध्ये येत असेल तर येऊ दे, त्यासाठी सहल पुढं ढकलू नकोस. पॅड, जुनी वर्तमानपत्रं आणि गडद पँट सोबत घे, त्या दिवशी अंतर आणखी कमी कर. लघवीला जावं लागेल म्हणून पाणी पिणं बंद करू नकोस. पेट्रोल पंप, एसटी स्टँड, जेवायला थांबशील ते घर, जिथं सोय दिसेल तिथं जाऊन ये. कोकणात हवा दमट असते, घाम वाळतच नाही, म्हणून मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस घेत जा. पहिल्या दिवसासाठी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून ने. पुढं घरगुती खानावळीत जेव, पण सकाळीच फोन करून सांग, कारण तिथं माणसं मोजून स्वयंपाक होतो.

आईला रोज दोन फोन कर, निघताना आणि पोचल्यावर. मुक्कामाच्या ठिकाणांची यादी भावाकडं दे. 112 नंबर लक्षात ठेव. सूर्य मावळायच्या आत खोलीवर पोचायचं, यात सवलत नाही. घरचे फारच बोलले तर त्यांना रमिला लटपटेचं सांग. ती 2023 मध्ये नऊवारी नेसून मुंबईहून बाईकवर जगप्रवासाला निघाली. तू तर आपल्याच राज्यात, आपलीच भाषा बोलणाऱ्या माणसांत चाललीस.

येताना आंबोली घाट चढून कोल्हापूरवरून पंढरपूर कर. आपल्या नरसीच्या नामदेवांच्या पायरीला हात लावून बार्शी, अंबाजोगाई, परळी, परभणी अशी घरी ये. आई तेवढ्यावरच अर्धी खूश होईल बघ.

जाशील तू, आणि नीट जाशील. पावसाळा सरला की नोव्हेंबर ते फेब्रुवारी रस्ते कोरडे आणि ऊन सोसण्यासारखं असतं. आजच तारीख ठरव आणि आईला सांगून टाक.