वाटेतला मुक्काम

पुण्याहून हैदराबादला जाणारा प्रवासी बहुधा रात्रीची बस धरतो आणि आपला सारा सीमाभाग झोपेतच ओलांडतो. सुमारे साडेपाचशे किलोमीटरच्या या वाटेवर एक रात्र विसाव्याला थांबायचे तर कोठे, असे मला परगावचे स्नेही विचारतात. सोलापूर वाटेवरच आहे; पण एका शहराचा शीण दुसऱ्या शहरात उतरत नाही. बीदरला वाट वाकडी करावी लागते. तेथील किल्ला आणि १४७२ सालचा महमूद गवानचा मदरसा पाहावेतच, पण सवडीने. हुमनाबाद सोयीचे, जवळच माणिकप्रभूंचे माणिकनगर आहे.

माझी पसंती मात्र बसवकल्याणला. हमरस्ता सोडून थोडे आत गेले की हे गाव लागते. बाजारात मराठी, कन्नड, उर्दू तिन्ही चालतात, त्यामुळे कोणालाच परके वाटत नाही. हीच चालुक्यांची राजधानी कल्याण. सहाव्या विक्रमादित्याच्या काळात (१०७६ ते ११२६) विज्ञानेश्वराने येथे 'मिताक्षरा' ही याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीका लिहिली. कल्याणसारखे नगर झाले नाही, होणारही नाही, असे त्याने ग्रंथाच्या शेवटी म्हटले आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातही मिताक्षरेचे नाव येते. कायद्याच्या विद्यार्थ्याने तरी येथून झोपेत जाऊ नये! पुढे बाराव्या शतकात बसवेश्वरांची चळवळ याच नगरीत उभी राहिली.

उजेड असतानाच पोहोचावे, म्हणजे किल्ला पाहून होतो. एप्रिल-मे टाळावा, आपल्याकडचे ऊन पाहुण्याला सोसवत नाही.