टिग शिकायचंय? आधी गॅस वेल्डिंगवाल्या काकांना गाठा!

फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये आपण सगळ्यांनीच आर्क वेल्डिंगचा जॉब केला आहे. पण समजा, तुम्हाला हौस म्हणून टिग वेल्डिंग शिकायचं आहे आणि घर आहे हिंगोली जिल्ह्यातल्या साखऱ्यासारख्या गावात. क्लास जवळ नाही, सिलिंडर शहरातून आणायचा. मग जमेल का? माझ्या मते जमेल, फक्त आधी थोडं गणित करावं लागेल.

टिग म्हणजे टंगस्टन इनर्ट गॅस. यात टंगस्टनची कांडी वितळत नाही, ती फक्त आर्क धरते. भोवती आरगॉन वायू असल्यामुळे वितळलेल्या धातूला हवा लागत नाही. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत नॉर्थ्रॉप विमान कंपनीतील रसेल मेरेडिथ यांनी मॅग्नेशियम जोडण्यासाठी ही पद्धत विकसित केली. तेव्हा हेलियम वापरत. गावात हिचा उपयोग काय? दुधाच्या स्टीलच्या कॅनचा तुटलेला कान! पातळ पत्र्याला आर्कचा रॉड लावला की भोक पडतं, टिगने नीट जोडता येतं.

आता गुरू कोण? एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात फिलर वायर, आणि नजर वितळलेल्या थेंबावर. ही तिन्ही कामं जुने गॅस वेल्डिंगवाले वर्षानुवर्षे करत आलेत. त्यांनी टिग मशीन पाहिलंही नसेल, पण हात तोच. म्हणून आधी काकांकडे आठ दिवस बसा.

आता खर्चाचं बघू. ७ घनमीटरच्या सिलिंडरमध्ये ७००० लिटर आरगॉन येतो. मिनिटाला ७ लिटर सोडला तर १००० मिनिटे, म्हणजे १६ तासांच्या वर. शिकायला एवढे पुरे!

लाईटचं गणित तर अजून मजेदार आहे. ३.१५ मि.मी. रॉडला ११० अँपिअर आणि सुमारे २४ व्होल्ट लागतात, म्हणजे आर्कमध्येच २६०० वॅट. टिगमध्ये पातळ पत्र्याला ५० अँपिअर आणि १२ व्होल्ट, म्हणजे फक्त ६०० वॅट. गावातल्या सिंगल फेजवर टिगच हलकं पडतं. लिफ्ट टिगची सोय असलेलं साधं इन्व्हर्टर मशीन चालतं. मात्र टॉर्च निगेटिव्हलाच जोडा, नाहीतर टंगस्टनचं टोक लगेच वितळतं. आणि साध्या डीसी मशीनवर ॲल्युमिनियमच्या नादी लागू नका. त्यावरचा ऑक्साइडचा थर फोडायला एसी लागतो.

शिकण्याचा क्रम असा ठेवा:

१. २ मि.मी. लोखंडी पत्रा ग्राइंडरने चकचकीत करा. टिगला गंज आणि तेल अजिबात चालत नाही.
२. फिलर न घेता नुसता थेंब सरळ रेषेत पुढे न्या.
३. मग फिलर द्या, आणि शेवटी कोपऱ्याचा जोड करा.
४. टंगस्टन थेंबात बुडाला तर थांबा, टोक लांबीच्या दिशेने पुन्हा घासा.

काम भिंतीच्या आडोशाला करा, वाऱ्याने आरगॉन उडून जातो. शेतात वखराची पास तुटली तर तिथे आपला जुना रॉडच बरा. मात्र खोली बंद ठेवू नका. आरगॉनला वास नसतो, तो हवेपेक्षा जड आहे आणि खाली साचून गुदमरवू शकतो. १० नंबरची काच आणि पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट हवाच. जी.आय. पत्र्याचा जस्ताचा थर आधी घासून काढा, त्याच्या धुराने ताप येतो. सिलिंडर उभा ठेवून साखळीने बांधा.

पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो याच विश्वासावर की खेड्यातली मुलं हाताने काम करत तंत्रज्ञान शिकू शकतात. आपण तर इंजिनिअरिंगचे विद्यार्थी! आपल्याला फॉर्म्युले येतात, काकांना हात येतो. या सुट्टीत दोन्ही एका बाकावर बसले तर गावातला दुधाचा कॅन दुरुस्तीसाठी शहरात न्यावा लागणार नाही.