लोगो काढून पोट भरेल का?

‘मला खेळाच्या संघांचे लोगो करायचे आहेत,’ असे मुलीने सांगितले की घरात पहिला प्रश्न पोटापाण्याचाच येतो. तो रास्तच आहे. पण उत्तर शोधण्याआधी हे काम नेमके काय असते ते पाहू.

अनेक मोठ्या संघांकडे मुख्य बोधचिन्हाच्या जोडीला एक पर्यायी लोगो असतो. लंडनचा आर्सेनल फुटबॉल क्लब १८८६ मध्ये वूलविचच्या शस्त्रास्त्र कारखान्यातल्या कामगारांनी सुरू केला. त्याच्या बोधचिन्हात ढाल, नाव आणि तोफ आहे. २०२४-२५ च्या मुख्य जर्सीवर मात्र फक्त तोफ होती. नाव नसूनही क्लब ओळखू येत होता, कारण तोफ त्याच्या जन्मकथेतली आहे. याउलट लीड्स युनायटेड या फुटबॉल क्लबने २०१८ मध्ये ढाल आणि पांढरा गुलाब बाजूला सारून छातीवर मूठ ठेवलेल्या चाहत्याचे चित्र हे नवे बोधचिन्ह म्हणून जाहीर केले. चाहत्यांनी इतका विरोध केला की क्लबला माघार घ्यावी लागली.

काय गाळायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे ठरवणे हाच या कामाचा गाभा. त्यासाठी संघाचा इतिहास वाचावा लागतो, चाहते कशावर जीव टाकतात ते ऐकावे लागते. चित्रकला त्यानंतर येते.

मग कसोट्या. लोगो एकाच रंगात उठतो का? मोबाइलवरच्या नखाएवढ्या चौकटीत ओळखू येतो का? टोपीवर भरतकाम करताना बारीक रेषा एकमेकींत मिसळतात आणि रंगांच्या हलक्या छटा धाग्यात उतरत नाहीत. तिथे तो टिकतो का? गडद आणि फिक्या, दोन्ही जर्सींवर चालतो का?

शिक्षणाचे रस्ते आहेत. सर ज. जी. उपयोजित कला संस्था मुंबईत, तर गोवा कला महाविद्यालय पणजीत. अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठी डीएटी आणि आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागातल्या बी.डेस. या पदवीसाठी यूसीड या प्रवेशपरीक्षा आहेत. या दोन्ही परीक्षांना बारावीची कोणतीही शाखा चालते. पात्रतेचे नियम आणि तारखा त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहाव्यात.

आता पोटाचा प्रश्न. निव्वळ संघांच्या लोगोंवर चालणाऱ्या नोकऱ्या थोड्या आहेत. पण हेच कौशल्य जाहिरात संस्था, ब्रँडिंग स्टुडिओ, पॅकेजिंग आणि अॅप डिझाइनमध्ये लागते. पहिली नोकरी तिथे आणि खेळाची कामे जोडीला, हा व्यवहार्य मार्ग.

विद्यार्थ्यांनी आजच एक काम हाती घ्यावे: गावच्या कबड्डी मंडळाचा किंवा शाळेच्या संघाचा पर्यायी लोगो. वीस कच्ची रेखाटने, त्यांतली तीन निवडण्याची कारणे, एकरंगी आवृत्ती आणि टोपीवरचा नमुना असे सगळे पोर्टफोलिओत ठेवा. नामांकित संघाचा लोगो सरावाला घेतलात तर ‘सरावासाठी’ असे स्पष्ट लिहा. तो टी-शर्टवर छापून विकू नका, तो ट्रेडमार्क असतो.

पालकांनी चित्र किती सुबक आहे एवढेच पाहू नये. ‘ही रेघ का काढून टाकलीस?’ असे विचारावे. मुलीकडे त्याचे पटणारे उत्तर असेल आणि ते सांगताना ती आणखी दोन रेघा खोडायला तयार असेल, तर प्रवेशपरीक्षेचा अर्ज निर्धास्तपणे भरू द्यावा.