जुनी मत्स्यपेटी : पारख आणि परीक्षा

जबलपूर हे एके काळी बावन्न तलावांचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. राणीताल, चेरीताल, अधारताल ही नावे आजही तेथील वस्त्यांतून ऐकू येतात. परंतु जुन्या तलावांपैकी कित्येक बुजले आणि त्यांच्या जागी घरे व रस्ते आले. तलावातील जीवसृष्टी विद्यार्थ्यांना जवळून दाखवावयाची, तर वर्गात काचेची मत्स्यपेटी ठेवणे हा एक सोपा उपाय होय. नवी पेटी महाग पडते; वापरलेली पेटी स्वस्तात, क्वचित फुकटही मिळते. मात्र अशी पेटी भरवर्गात फुटली, तर शंभराहून अधिक लिटर पाणी व काचेचे धारदार तुकडे मुलांच्या अंगावर येतील. म्हणून ती वापरण्याजोगी आहे किंवा नाही, हे आधी नीट ठरविले पाहिजे. पेटीच्या केवळ वयावरून हा निर्णय होत नाही. तिची काच, तिचे सांधे आणि तिचा पूर्वेतिहास या तिन्हींची परीक्षा घ्यावी लागते.

पाण्याचा रेटा

उदाहरणादाखल ९० सें.मी. लांब, ३० सें.मी. रुंद व ४५ सें.मी. उंच अशी पेटी घेऊ. ती काठोकाठ भरल्यास तीत सुमारे १२१ लिटर, म्हणजे तितकेच किलोग्रॅम पाणी मावते. हे पाणी तळावर भार टाकते, तसेच बाजूच्या काचांनाही बाहेर ढकलते. पाण्याचा दाब खोलीप्रमाणे वाढत असल्यामुळे हा रेटा सर्वत्र सारखा नसतो. वरच्या कडेशी तो शून्य आणि तळाशी सर्वांत अधिक असतो.

या पेटीत १५ सें.मी. पाणी भरले, तर समोरच्या लांब काचेवर सुमारे १० किलोग्रॅम वजनाइतका रेटा पडतो. ३० सें.मी. पाण्याने तो ४० किलोग्रॅम होतो आणि ४५ सें.मी. पाण्याने ९१. पाण्याची उंची तिप्पट झाली की रेटा नऊपट होतो. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. अर्धी भरलेली पेटी गळली नाही, म्हणून पूर्ण भरलेली पेटी टिकेलच असे म्हणता येत नाही. तसेच दोन पेट्यांत मावणारे पाणी सारखेच असले, तरी उंच पेटीची परीक्षा अधिक कसोशीने घ्यावी लागते.

काच कशी फुटते

काच दाबली असता पुष्कळ भार सोसते; ताणली असता मात्र थोडक्यात फुटते. इंग्रज अभियंता ए. ए. ग्रिफिथ याने १९२१ साली असे दाखवून दिले, की काचेच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म भेगांच्या टोकाशी ताण एकवटतो व तेथूनच काच तुटू लागते. यामुळे काचेच्या मध्यभागी पडलेल्या उथळ ओरखड्यापेक्षा कडेचा लहानसा टवका अधिक धोक्याचा ठरतो. त्यातही पाण्याचे रेणू भेगेच्या टोकाशी शिरून काचेचे बंध सावकाश तोडीत राहतात. तडा गेलेली काच पहिल्या दिवशी टिकते आणि पुढे कधी तरी अचानक फुटते, ती याच कारणाने.

तपासणीपूर्वी काचेवरील चुन्याचा पांढरा थर काढून टाकावा, कारण त्याखाली तडा लपून राहतो. थरावर व्हिनेगरमध्ये भिजविलेले फडके काही वेळ ठेवल्यास तो सुटतो. नंतर काच कोरडी करून अंधाऱ्या खोलीत विजेरीचा प्रकाश तिरपा टाकावा आणि प्रत्येक कड व कोपरा न्याहाळावा. एकही तडा आढळला, अथवा सांध्यापर्यंत पोहोचणारा टवका दिसला, तर त्या पेटीत पाणी भरू नये. लांब पेटीच्या वरच्या बाजूस आधाराची आडवी काचपट्टी असते. ती निखळली असल्यास पुन्हा बसविल्याशिवाय पेटी भरू नये.

सांध्यांची पाहणी

जुन्या पेट्यांना लोखंडी चौकट असे व काचा लुकणाने बसविलेल्या असत. जवसाच्या तेलात खडूची भुकटी मळून हे लुकण करीत. काही वेळा त्यात शेंदूरही घालीत. पेटी वर्षानुवर्षे कोरडी राहिली, की लुकण कडक होऊन त्यास चिरा पडतात. शेंदूर हा शिशाचा विषारी संयुग होय. म्हणून तांबूस लुकण खरवडू नये व ती पेटी जलचरांसाठी वापरू नये.

नंतरच्या पेट्यांत काचा सिलिकोनने चिकटविलेल्या असतात. आतील पट्टी नखाने हळूच उचलून पाहावी. ती सुटत असेल, तर आतील सर्व पट्ट्या काढून नव्या भराव्यात. जुन्या सिलिकोनवर नवे सिलिकोन नीट चिकटत नसल्यामुळे वरवरचे ठिगळ उपयोगी पडत नाही. बुरशीनाशक मिसळलेले सिलिकोन मात्र टाळावे. दोन काचांच्या मधील थरात आरपार गेलेली पांढरी रेघ किंवा बुडबुड्यांची रांग दिसली, तर मुख्य सांधाच सुटला आहे असे समजावे.

पाण्याची परीक्षा

ही परीक्षा वर्गाबाहेर, सावलीच्या ओसरीवर घ्यावी. उन्हाने तापलेल्या काचेत थंड पाणी ओतल्यास ती तडकते. पेटी पाणसळीने सपाट केलेल्या भक्कम फळीवर ठेवावी आणि सांध्यांखाली टीपकागद पसरावा. प्रथम एकतृतीयांश, मग दोनतृतीयांश व अखेरीस नेहमीच्या पातळीपर्यंत पाणी भरावे. पहिल्या दोन टप्प्यांना एकेक दिवस आणि शेवटच्या टप्प्यास निदान एक आठवडा द्यावा.

पातळी उतरली म्हणजे पेटी गळतेच असे नव्हे. मे महिन्यात जबलपूरचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते व बाष्पीभवन जोरात होते. यासाठी शेजारी उभ्या कडांचा एक स्टीलचा डबा पाण्याने भरून ठेवावा. पेटीतील पाणी डब्यातील पाण्याहून स्पष्टपणे अधिक उतरले, तर गळतीचा संशय घ्यावा. उलट पावसाळ्यात काचेबाहेर दव साचून टीपकागद ओला होऊ शकतो. अशा वेळी काच पुसून नवा कागद घालावा.

पूर्वेतिहासाची चौकशी

पेटीत पूर्वी काय ठेवले होते, हे विचारून घ्यावे. तीत कीटकनाशक, रंग वा तेल ठेवले असल्यास ती मासे पाळण्यास अयोग्य समजावी. माशांच्या रोगांवर मोरचूद वापरण्याची पद्धत आहे. त्यातील तांबे अल्प प्रमाणातही गोगलगाई व कोळंबीस मारक ठरते. म्हणून जुनी वाळू व खडे टाकून द्यावेत. भेडाघाटचे संगमरवरी खडे घालण्याचा मोहही टाळावा. ते सावकाश विरघळून पाणी दुष्फेन करतात. पेटी साबणाने धुऊ नये. ब्लीचिंग पावडरच्या सौम्य द्रावणाने निर्जंतुक करून ती अनेक वेळा धुवावी व पूर्ण वाळवावी. हे द्रावण व्हिनेगरमध्ये कदापि मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

निर्णय

तिन्ही परीक्षांत उतरलेली पेटी खुशाल वापरावी. ती बुटक्या, रुंद व जड मेजावर, विजेच्या बटणांपासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर ठेवावी. २२ मे १९९७ रोजी पहाटे जबलपूरला भूकंपाचा तीव्र धक्का बसला होता. अशा धक्क्यात डळमळीत मेजावरील पाण्याने भरलेली पेटी सहज कोसळते. काच निर्दोष, परंतु सांधा गळका, अशा पेटीत कोरडी माती घालून रोपे वाढविता येतात. काचेस तडा गेला असेल, तर पेटी कितीही सुंदर असो, तिचा मोह सोडावा. शंका उरली तर पाणी भरू नये, हाच नियम शाळेस हितावह होय.